हलू नका, बोलू नका

हमीदाआपा. आधी हे नाव लिहून ठेवते, मग पुढचं. कारण ज्या दिवसाबद्दल लिहायला बसले आहे, त्या दिवशी हे नाव घ्यायला पाहिजे होतं आणि कुणीच घेतलं नाही. मीसुद्धा नाही.

आपा उस्मानपुऱ्यातल्या एका बाळंतपणाच्या दवाखान्यात सिस्टर होत्या. मी शेजारच्या डोळ्यांच्या दवाखान्यात. मधे एक भिंत आणि भिंतीत एक लोखंडी फाटक, ज्याची कडी कधी नीट बसली नाही. त्या फाटकातून आपा एकदा पळत आल्या म्हणून एका म्हातारीचा जीव राहिला. नंतर त्याच फाटकातून मी पलीकडं गेले आणि माझी उरलेली नोकरी वेगळीच झाली. चांगली झाली का वाईट, ते मला आज सत्तरीतही नक्की सांगता येत नाही.

माझं शिक्षण सातवी. शुद्धलेखन संपादकांनी बघावं. आमचं गाव किनवटच्या पलीकडं, वडलांची मेंढरं. वर्षातले सहा-सात महिने घरातली निम्मी माणसं मेंढरांमागं. गावात शाळा सातवीपर्यंतच होती, तिथं माझीही संपली. तेव्हा सातवी पास मुलींना नर्सिंगचा छोटा कोर्स करता यायचा. गुरुजींनी अर्ज भरला, वडलांनी अंगठा दिला. पुढं लग्न झालं, ते टिकलं नाही, त्यावर इथं लिहिणार नाही. ओळखीनं औरंगाबादला आले. शहराचं नाव आता बदललं, पण मी आले तेव्हा ते हेच होतं. मुदखेडला गाडी बदलून गावी पोचायचं तर एक दिवस आणि एक रात्र मोडायची. आई आजारी असल्याचं पत्र मला मिळालं तेव्हा तिचा दहावा होऊन गेला होता. एवढं लांब.

म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरसाहेबांनी मला कामावर घेतलं आणि मागच्या अंगाला राहायला खोली दिली, तेव्हा मला ते देवच वाटले. हे मी उपहासानं लिहीत नाही. ज्या बाईला शहरात कुणी नाही तिला कडी लावता येईल अशी खोली म्हणजे काय, ते त्या बाईलाच कळतं. सकाळी झाडू मारताना मी रोज मनात म्हणायचे, ही खोली जाऊ नये. बाकी काही मागणं नव्हतं.

डोळ्यांचं काम बाहेरच्या माणसाला सोपं वाटतं. रक्त नाही, आरडाओरडा नाही. पण त्या वेळच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला डोळा अर्धा उघडावा लागायचा आणि केसापेक्षा बारीक दोऱ्यानं टाके घालावे लागायचे. पेशंट जागाच असायचा. तो खोकला, शिंकला, नुसता दचकला तरी आतलं पाणी बाहेर. म्हणून डोळ्यांच्या सिस्टरचं पहिलं काम औषधाचं नसतं, माणसाला गप्प पाडायचं असतं. हलू नका, बोलू नका. दिवसातून किती वेळा म्हणत असेन, हिशेब नाही. ऑपरेशननंतरही डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून माणूस उताणा. जो हलेल तो वाईट पेशंट, जो दगडासारखा पडेल तो शहाणा. नऊ वर्षं मी माणसं ह्याच मापानं मोजली.

आणि त्या कामात मी पहिली होते, हे सांगायला लाजत नाही. डॉक्टरसाहेबांनी हात पुढं करायचा, मान वळवायची नाही. पाहिजे ती कात्री, पाहिजे तो चिमटा त्यांच्या बोटांत. दोरा मी एका फटक्यात ओवायचे. वाळूजचे कारखाने नवे नवे उभे राहत होते, तिथली पोरं डोळ्यात लोखंडाचा कण घेऊन शिफ्टच्या बसनं थेट आमच्याकडं उतरायची. बरोबरच्यानं काडेपेटीच्या काडीनं कण काढायचा उद्योग आधीच केलेला असायचा. एक जण एकदा म्हणाला, "सिस्टर, तुम्हीच काढा. साहेबांचा हात जड हाय." डॉक्टरसाहेबांनी ऐकलं आणि हसून मलाच भिंगाजवळ बसवलं. तो दिवस मला पगारवाढीपेक्षा मोठा वाटला.

पण नऊ वर्षांत मी एकाही माणसाला सलाईन लावलं नव्हतं. एकाही बाळंतिणीला हात लावला नव्हता. आमच्याकडं ती वेळच यायची नाही. ज्या हाताला एखादं काम बसतं त्या हाताला तिथंच बांधून ठेवतात, ही दवाखान्यांची रीत. मोठ्या ठिकाणी सिस्टरची बदली ह्या वॉर्डातून त्या वॉर्डात होते. लहान खासगी दवाखान्यात कोण करणार, आणि चांगला चाललेला हात कोण सोडणार.

एका उन्हाळ्यात ओपीडीच्या बाकावर एक माणूस भोवळ येऊन पडला. डॉक्टरसाहेब आत ऑपरेशनला. मी सलाईनची सुई घेतली. एकदा टोचलं, दोनदा टोचलं, चौथ्यांदा त्याच्या हातावर निळी गाठ आली. त्याची बायको म्हणाली, "बाई, तुमाला येत नसंल तर ऱ्हाऊ द्या ना." आया जाऊन आपांना घेऊन आली. आपांनी माझ्या हातातून सुई घेतली, त्या माणसाची मूठ आवळली, आणि बोलता बोलता शीर गाठली. मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, "आँख की सिस्टर है तू. आँखच देखती. बाकी का आदमी किधर गया?"

ओपीडी भरलेली होती. दोन-चार जण हसले. मला झोंबलं.

संध्याकाळी त्या फाटकाशी उभ्या होत्या. "बुरा मानी क्या? सुबह दो घंटे मेरे पास आ जा. तेरी ड्यूटी दस बजे की है. हाथ फिर से खुल जाएगा."

मी म्हटलं, "आपा, मला माझं काम येतं. तुमच्याकडं येऊन मी काय आया होऊ?"

"मत आ," म्हणाल्या. चिडल्या नाहीत. त्यांचं तेच मला जास्त लागलं.

त्यानंतर चार-पाच महिन्यांनी लासूर स्टेशनची गयाबाई आली. पोरगा तिथल्या मोंढ्यात धान्य मापणारा मापाडी, सरळ माणूस. गयाबाईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, पण तोंड अखंड चालू. सकाळपासून सगळ्या वॉर्डाला तिनं आपलं घर ओळखीचं करून दिलं होतं. सुनेला भाकरी थापता येत नाही, पण पोरगी गुणाची. शेजारणीनं बोरीचं झाड तोडलं. नातवाचं नाव तिनं एक सांगितलं होतं, ठेवलं दुसरंच. मला म्हणाली, "बाई, डोळा आला की पयलं म्या मह्या सुनंचं तोंड बघनार हाय. सात साल झालं घरात हाय, नीट पायलीच नाय."

आमच्याकडं ऑपरेशनच्या आधी बाहेरच्या खोलीत तीन-चार पेशंट ओळीनं बाकांवर झोपवायचे. डॉक्टरसाहेब येऊन डोळ्याच्या मागं भुलीचं इंजेक्शन द्यायचे आणि आत ऑपरेशनला जायचे. मग मी एकेकाच्या डोळ्यावर कापूस ठेवून तळव्यानं दाबून धरायचे, भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत. डोळा मऊ झाला की पेशंट तयार. त्या दिवशी गयाबाई दुसरी होती. इंजेक्शन झालं, मी डोळा दाबला, ती बोलतच होती. "बाई, सुई टोचली पर दुखलं नाय वो तेवढं. म्या म्हनलं..."

"आजी, आता बोलायचं नाही. हलायचं नाही. डोळा जाईल."

"नाय बोलत," म्हणाली.

आणि खरंच गप्प झाली. मी मनात म्हटलं, सुटले. तिच्या डोळ्यावरचा हात काढून तिसऱ्या बाकाकडं वळले. तिथला म्हातारा चुळबुळ करत होता, त्याला रागावले. म्हटलं, "त्या आजीकडं बघा, कशी शहाण्यासारखी पडलीय." असं मी बोलले. हे शब्द माझे.

जरा वेळानं पाहिलं तर गयाबाईच्या ओठावर माशी बसलेली. ती हलली नाही. तेव्हाही माझ्या मनात पहिलं आलं ते हेच की बाई किती समजूतदार, माशीसुद्धा सहन करतेय. मी माशी हाकलायला हात नेला आणि ओठ दिसले. जांभळे. छातीवरची हिरवी चादर खाली-वर होत नव्हती.

असं क्वचित होतं. डोळ्यामागची भूल कधी कधी पुढं मेंदूपर्यंत पोचते आणि श्वास थांबतो. अशा वेळी बाकी काही करायचं नसतं, फक्त भूल उतरेपर्यंत बाहेरून श्वास देत राहायचं, माणूस पूर्ण बरा होतो. मात्र लगेच. मला हे शिकवलेलं होतं. नऊ वर्षांपूर्वी, कामावर लागले तेव्हा.

मी ओरडले. आतून डॉक्टरसाहेब म्हणाले, "सिस्टर, माझ्यापुढं डोळा उघडा आहे, मी हात सोडू शकत नाही. तोंडानं श्वास द्या. हनुवटी वर करा." ते खोटं बोलत नव्हते, हात सोडला असता तर आतल्या पेशंटचा डोळा गेला असता. मी कपाट उघडलं. श्वास द्यायची रबरी पिशवी टॉवेलांच्या खाली सापडली, दाबली तर बाजूनं फाटली. रबर वाळून गेलेलं. मी गयाबाईच्या तोंडाला तोंड लावून फुंकलं. छाती नाही, पोट फुगलं. हनुवटी कुठं धरायची, मान किती मागं न्यायची, माझ्या बोटांना आठवेना. ह्याच बोटांनी मी डोळ्यातला कण काढत होते.

आयाच पळाली. आपा फाटकातून आल्या त्या आपल्या दवाखान्यातली पिशवी घेऊनच. मला खांद्यानं बाजूला ढकललं. "मुंडी पीछे. ऐसे." दोन बोटं जबड्याखाली, एक झटका, आणि पहिल्याच दाबाला छाती उचलली गेली. मी बाजूला उभी राहून रडत होते. "रो मत, नाड़ी पकड़. गिन." मी नाडी धरली. पाऊण तास आपा पिशवी दाबत होत्या. मधे एकदा मी म्हटलं, आपा, मी करते. म्हणाल्या, "नक्को." फक्त तेवढंच.

श्वास परत आला. पण मधली काही मिनिटं गेली होती ती गेलीच. मोठ्या सरकारी दवाखान्यात हलवलं, चौथ्या दिवशी गयाबाईनं डोळे उघडले. हळूहळू बसायला लागली, भरवलं तर जेवायला लागली. ऑपरेशन झालंच नाही, मोतीबिंदू तसाच. आणि ती बोलली नाही. पुन्हा कधीच बोलली नाही. तिच्या आयुष्यातला शेवटचा शब्द तिनं मला दिला होता, नाय बोलत.

तिला हलवलं त्याच दिवशी डॉक्टरसाहेबांनी कागदावर लिहिलं की पेशंटचं हृदय कमजोर होतं, ऑपरेशनच्या भीतीनं झटका आला. पोराला समजावताना म्हणाले, "आमच्या सिस्टर जवळ होत्या म्हणून निभावलं." तो मापाडी माझ्या पाया पडायला वाकला. "ताई, तुम्ही होता म्हनून माय वाचली." आपा त्या वेळी फाटकात उभ्या होत्या, आपली पिशवी न्यायला आल्या होत्या. त्यांनी ऐकलं. माझ्याकडं पाहिलं, मी खाली पाहिलं. त्यांनी पिशवी उचलली आणि गेल्या.

आता इथून माझी खरी कोंडी सुरू झाली. मला कळलं होतं की माझा हात एका जागी धारदार आणि बाकी सगळीकडं बोथट झालाय, आणि इथं राहिले तर तसाच राहणार. सोडायला पाहिजे. सर्वसाधारण दवाखान्यात, जिथं ताप, अपघात, बाळंतपण सगळं येतं, तिथं जाऊन पहिल्यापासून शिकायला पाहिजे. पण सातवी पास बाईला तिथं कोण विचारणार? खोली जाणार. आणि तिसरी गोष्ट डॉक्टरसाहेबांनीच सांगितली. मी विषय काढला तेव्हा त्यांनी चष्मा पुसला आणि शांतपणे म्हणाले, "सिस्टर, आत्ता गेलात तर लोक काय म्हणतील माहीत आहे? म्हणतील, सिस्टरच्या हातून झालं म्हणून काढलं. मी तसं म्हणणार नाही. पण लोक म्हणतील. राहा. मी कुणाला काही बोललोय का?"

ते माया करत होते की धमकावत होते, हे मी पुष्कळ वर्षं ठरवायचा प्रयत्न केला. मला वाटतं दोन्ही. कपाटातली फाटकी पिशवी त्यांच्या दवाखान्यातली होती, आणि ती फाटकी असल्याचं जाणणारी बाहेर जावी असं त्यांना वाटत नव्हतं. पण खोलीही त्यांनीच दिली होती. उपकार आणि अडकवणं एकाच हातानं होतं तेव्हा माणूस हात झटकू शकत नाही.

दोन महिने मी राहिले. दोरा ओवत होते, चिमटे देत होते. पण बाहेरच्या खोलीत पेशंट गप्प पडला की माझा हात त्याच्या डोळ्यावरून निसटायचा, मी चादर वर करून छाती बघायचे. डॉक्टरसाहेब एकदा म्हणाले, "सिस्टर, लक्ष कुठं आहे?" मी म्हटलं, "पेशंटकडं."

एक दिवस मी फाटक उघडून गेले. आपा बाळाला अंघोळ घालत होत्या. मी म्हटलं, "आपा, मला शिकवा."

"तब बोली थी, आया होऊ क्या."

"आता आया ठेवा."

आपा बाळाची पाठ चोळत राहिल्या. मग म्हणाल्या, "वो आदमी तेरे पाँव पड़ा, मैं खड़ी थी. तू बोली नहीं."

"नाय बोलले."

"हौ. तौलिया पकड़."

एवढ्यावर विषय संपला. नंतर त्यांनी कधी काढला नाही, हेच मला सगळ्यात जड गेलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी नोकरी सोडली. डॉक्टरसाहेबांनी सांगितलं होतं तसंच झालं. दोन दवाखान्यांत विचारायला गेले, दोन्ही ठिकाणी काउंटरवरची बाई म्हणाली, "डोळ्यांच्या दवाखान्यातल्या त्या तुम्हीच ना?" त्या तुम्हीच. आपांच्या डॉक्टरीणबाईही घ्यायला तयार नव्हत्या. आपांनी तिथं म्हटलं, "मेरी ज़िम्मेदारी. कुछ हुआ तो मेरेकू निकालना." आपांवर तीन मुली आणि सासू होती. माझ्यासाठी त्यांनी ती नोकरी पणाला लावली, ज्या बाईनं त्यांचं नाव गिळलं होतं तिच्यासाठी.

राहायला आपांच्याच गल्लीत एका खणाची खोली मिळाली. आपांनी मला सहा महिने सुई हातात दिली नाही. फक्त एक काम. कुठलाही पेशंट आला की हात लावायच्या आधी अर्धा मिनिट त्याची छाती बघायची. बाळंतीण असो, तिच्याबरोबर आलेली म्हातारी असो. "पहले छाती देख. फिर जो देखना है देख." मग सलाईन, मग बाळंतपण, मग अडलेलं बाळ. वयाच्या तिशीत, वीस वर्षांच्या पोरींच्या मागं उभी राहून मी शिकले. त्या पोरी मला आँखवाली म्हणायच्या. हसून म्हणायच्या, पण म्हणायच्या.

पुढं वाळूजच्या रस्त्यावर एका दवाखान्यात अपघात विभागात लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. काही माणसं माझ्या हातून वाचली असतील. ती मोजली नाहीत. पण डोळ्यांचा हात मात्र गेला. एकदा डॉक्टरसाहेबांनी शिबिराला मदतीला बोलावलं, जुना राग न ठेवता. मी दोरा ओवायला घेतला आणि तीनदा चुकला. त्यांनी माझ्या हातातून सुई काढून शेजारच्या मुलीला दिली. त्या मुलीनं एका फटक्यात ओवली. डोळ्यांच्या कामात मी पहिली होते. बाकीच्या कामात शेवटपर्यंत मधली राहिले. सगळ्या हातांना धार ठेवता येत नाही. कुणी म्हणेल, बरोबर निर्णय घेतलात. निर्णय बरोबर होता, वेळ चुकली होती. आपांनी पहिल्यांदा बोलावलं तेव्हा गेले असते तर गयाबाईनं आपल्या सुनेचं तोंड पाहिलं असतं.

निवृत्तीनंतर एकदा लासूर स्टेशनला गेले. खरं सांगायचं ठरवून. गयाबाई जाऊन वर्षं झाली होती. मापाडी आता म्हातारा, ओट्यावर बसलेला. त्यानं ओळखलं. शेजाऱ्यांना हाक मारून म्हणाला, "या हो या, मह्या मायला ह्या ताईनं वाचवलं व्हतं." सुनेनं चहा दिला. मी तिच्या तोंडाकडं बघत राहिले. चांगलं, साधं तोंड होतं. मी चहा पिऊन परत आले. सांगितलं नाही. सत्तरीत माणूस शूर होतो हे खरं नाही.

आपा आता ऐंशीच्या पुढं आहेत. त्याच गल्लीत. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, मी बोलले की आवाजावरून ओळखतात. ऑपरेशन करून घेत नाहीत. मुली सांगून थकल्या. आता सुई लागत नाही, थेंबांवर होतं, वीस मिनिटांत घरी येतात, हे मी त्यांना किती वेळा सांगितलं. ऐकतात आणि म्हणतात, "वो बुढ़िया को मैंने देखी ना."

गेल्या आठवड्यात गेले होते. मी पुन्हा विषय काढला. आपांनी चाचपून माझा हात धरला. मग म्हणाल्या, "तू बैठेगी क्या बाजू में?"

म्हटलं, "बसेन, आपा."

"आँख नक्को देख."

"नाय बघणार."

अजून त्यांनी हो म्हटलेलं नाही. पण ज्या दिवशी म्हणतील त्या दिवशी मी तिथं स्टुलावर असेन. डॉक्टर डोळ्याकडं बघतील, सिस्टर डोळ्याकडं बघेल. माझा हात आपांच्या छातीवर असेल, पहिल्या थेंबापासून पट्टी बांधेपर्यंत, आणि मी त्यांना बोलत राहा म्हणून सांगणार आहे. आणि पट्टी सुटली की त्यांना गाडीत घालून लासूर स्टेशनला नेणार आहे. त्या ओट्यावर, त्या माणसासमोर, त्यांचं नाव मी घेईन.